लेकीची नोकरी आणि ‘सट्टा’ हा शब्द

आमच्या नात्यात शेअर बाजाराचा विषय निघाला की दोनच उत्तरे मिळतात. जळगावकडची मंडळी म्हणतात, “त्यापेक्षा सोनं घ्या, निदान हातात तरी राहतं.” धुळ्याकडची मंडळी म्हणतात, “तौबा, तो तर सट्टा!” आम्ही नवरा-बायको या दोन्हींच्या मधले. आमच्यापैकी एकाचे घर जळगावचे, दुसऱ्याचे धुळ्याचे, आणि दोघांचीही नोकरी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. अशा घरातल्या मुलीने अर्थशास्त्रात एम.एस्सी. केले आणि ज्या क्षेत्रात नोकरी धरली त्याचे नाव घरात कुणाला नीट उच्चारता येईना: क्वान्टिटेटिव्ह ॲसेट मॅनेजमेंट. तेव्हापासून लग्नात, दावतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही एकच गोष्ट समजावून सांगत आहोत. आता काही पालक आपल्या मुलांसाठीही विचारू लागले आहेत, म्हणून जे कळले ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी हे काम काय ते पाहू. म्युच्युअल फंड, पेन्शन फंड यांच्याकडे लाखो घरांची बचत जमा होते. आपल्या देशात मार्च २०२५ अखेर म्युच्युअल फंडांकडे सुमारे ६५ लाख कोटी रुपये होते. मे २०१४ मध्ये हाच आकडा पहिल्यांदा १० लाख कोटींच्या पुढे गेला होता. एवढा पैसा कोणत्या कंपन्यांत लावायचा हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत फंडाचा व्यवस्थापक कंपन्यांच्या लोकांना भेटतो, ताळेबंद वाचतो आणि स्वतःच्या अनुभवावर निवड करतो. दुसऱ्या रीतीत शेकडो कंपन्यांचे अनेक वर्षांचे आकडे घेऊन त्यातून एक नियम बसवला जातो, तो कसून तपासला जातो आणि मग पैसा त्या नियमाप्रमाणे लावला जातो. हे नियम बसवणाऱ्यांना या धंद्यात ‘क्वांट’ म्हणतात.

यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काय काम, असे आम्हालाही वाटले होते. हे तर इंजिनिअर आणि गणितवाल्यांचे क्षेत्र. पण याची पायाभरणीच अर्थशास्त्रज्ञांनी केली आहे. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी दाखवून दिले की अनेक शेअर एकत्र घेतले तर एकूण जोखीम प्रत्येकाच्या स्वतंत्र जोखमीवर जितकी अवलंबून असते, तितकीच ते एकमेकांसोबत कसे हलतात यावरही असते. आपला खान्देशी शेतकरी कापसात तुरीच्या ओळी टाकतो, त्यामागचा हिशेब हाच. एका पिकाला जे वर्ष वाईट, ते दुसऱ्याला तितकेच वाईट जाईल असे नाही. मार्कोविट्झ यांनी हा हिशेब समीकरणात मांडला आणि १९९० मध्ये त्यांना विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी लहान कंपन्या आणि मालमत्तेच्या मानाने स्वस्त मिळणाऱ्या कंपन्या यांच्या परताव्याचा अभ्यास केला. फामांचे विद्यार्थी क्लिफ ॲस्नेस यांनी १९९८ मध्ये अशाच संशोधनावर चालणारी मोठी कंपनी काढली. गणितवाला आकड्यांत नमुना शोधतो. अर्थशास्त्रज्ञाला त्यापुढचा प्रश्न विचारायचा असतो: हा नमुना का दिसतो, आणि सगळ्यांना कळल्यावरही टिकेल का?

हे आम्हाला खरे समजले ते धुळ्याच्या अब्बांच्या वह्यांमुळे. अब्बांनी आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस पाहायचे काम केले. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचे कसब. रोज रात्री ते वहीत भाव लिहीत. कपाशीचा भाव क्विंटलचा, रुईचा भाव खंडीचा, म्हणजे सुमारे ३५६ किलोचा, आणि शेजारी सरकीचा. पावसाची नोंदही असे. मुलीने शिकत असताना एका सुट्टीत या वह्या संगणकावर चढवल्या आणि आम्हाला तिच्या विषयाचे धडे त्यातूनच मिळाले.

पहिला धडा गाळलेल्या दिवसांचा. काही तारखांपुढे अब्बांनी ‘बाजार बंद’ लिहिले होते, काही तारखा नुसत्या कोऱ्या होत्या. कोऱ्या दिवशी भाव नव्हता, की अब्बा आजारी होते? दोन्ही कोरे दिवस सारखे मानले तर हिशेब चुकतो. दुसरा धडा बुडालेल्या जिनिंगचा. वहीत सुरुवातीला ज्या जिनिंगची नावे होती, त्यातली काही पुढे दिसेनाशी झाली. आज चालू असलेल्यांचेच आकडे घेतले तर धंदा नेहमीच फायद्याचा दिसतो, कारण बुडालेले मोजलेच जात नाहीत. शेअर बाजाराच्या अभ्यासातही सगळ्यांत जास्त फसगत याच जागी होते. तिसरा धडा असा की ज्या वहीवरून नियम काढला, त्याच वहीवर तो तपासला तर तो खरा ठरणारच. म्हणून निम्म्या वह्या आधी बाजूला ठेवायच्या आणि नियम पक्का झाल्यावर त्या उघडायच्या. अब्बांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, आम्ही हेच करायचो. फक्त पंधरा दिवसांपुढचं बोलायला घाबरायचो.” मुलगी म्हणाली, “दादाअब्बा, आम्हालाही घाबरायलाच शिकवतात.”

आता ‘सट्टा’ या शब्दाकडे वळू. हा शब्द आपल्याकडे उगाच कडू झालेला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या कापसाला कधी नव्हे ते भाव आले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईच्या बँका आणि कंपन्याही बुडाल्या. १८७५ मध्ये मुंबईत कापसाच्या वायद्यांसाठी संघटना उभी राहिली. वायदा मुळात व्यापाऱ्याला भाव पडण्यापासून वाचवण्यासाठी होता. पण पुढे ज्यांनी रुईची गाठ कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती, ते लोक न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर आकडा लावू लागले. मटक्याचा उगम तिथलाच. कापसाच्या पट्ट्यातल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे ऐकले आहे, काहींनी भोगले आहे. त्यामुळे ते ‘तौबा’ म्हणतात तेव्हा त्यामागे अनुभव असतो.

आजचा मटका मोबाइलवर आहे. आमच्याच नात्यातल्या एका मुलाने पॉवरलूमच्या कमाईतली शिल्लक ऑप्शनमध्ये घालवली. घरच्यांना कळले तेव्हा मोटारसायकलही गहाण पडली होती. तो एकटा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. नफा प्रामुख्याने स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या मोठ्या पेढ्या आणि परदेशी गुंतवणूकदार संस्था यांच्याकडे गेला होता, आणि त्या नफ्याचा बहुतांश भाग संगणकी अल्गोरिदमवर चालणाऱ्या व्यवहारांतून आला होता. हा ‘अल्गोरिदम’ शब्द बगदादच्या बैतुल हिक्मतमधल्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्याच शब्दाच्या आडून कुणाची शिल्लक जाते आहे, हेही सांगायला हवे.

हे लिहायचे कारण असे की आमच्या मुलीपुढे दोन नोकऱ्या आल्या. एक अशाच पेढीत: ऑप्शनचे भाव क्षणार्धात मोजून खरेदी-विक्री करणारे प्रोग्राम तयार करायचे. पगार आमच्या दोघांच्या पगारांच्या बेरजेपेक्षा जास्त. दुसरी एका फंड कंपनीच्या संशोधन विभागात, पगार पहिल्याच्या निम्म्याहून कमी. गणित तेच, संगणकाची भाषा तीच, पदवीही तीच. धाकट्याचे इंजिनिअरिंगचे प्रवेश तोंडावर आले होते. त्यामुळे आम्हा दोघांतही एकमत नव्हते. एकाचे म्हणणे, दोन वर्षे पहिली करावी, भावाची फी निघेल, मग सोडावी. दुसऱ्याचे म्हणणे, धुळ्याच्या त्या पोराच्या आईला आपण काय तोंड दाखवणार?

आमच्या ओळखीच्या एका आलिमांकडे आम्ही मशवऱ्यासाठी गेलो. त्यांनी फतवा दिला नाही. म्हणाले, “कंपनीचं नाव सांगू नका, काम सांगा. सकाळी टेबलावर बसल्यापासून उठेपर्यंत मुलगी काय करणार, ते कागदावर लिहून आणा. दोन्ही नोकऱ्यांचे दोन कागद.” मुलीने साध्या मराठीत दोन कागद लिहिले. दुसऱ्या नोकरीच्या कागदावर होते: कंपन्यांचे ताळेबंद गोळा करणे, आकड्यांतल्या चुका काढणे, निवडीचे नियम तपासणे, खर्च वजा करून परतावा मोजणे, अहवाल लिहिणे. पहिल्या कागदावर शेवटची ओळ होती: दिवसअखेर हातात काहीही न ठेवणे. आलिमांनी तिथेच बोट ठेवले. “दिवसअखेर हातात काही नाही, मग नफा येतो कुठून?” मुलगी म्हणाली, “समोरच्याकडून.” “आणि समोर कोण असतं?” यावर ती काही बोलली नाही. घरी येताना तिने ठरवले. निर्णय तिचा होता. धाकट्याची पहिल्या वर्षाची फी आम्ही दोघांनी पतपेढीत न जाता, जळगावच्या अम्मीने दिलेले थोडे सोने मोडून भरली.

दुसरी नोकरी अगदी निर्मळ आणि पहिली अगदी काळी, असे आम्हाला म्हणायचे नाही. मुलगीच सांगते की बाजारापेक्षा जास्त परतावा एखाद्या फंडाला मिळतो तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी तो कमी मिळालेला असतो. विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये हा साधा हिशेब मांडला होता. वायद्यांचा आणि ऑप्शनचा खरा उपयोग करणारे व्यापारीही आहेत. पण फंडातला पैसा कारखान्यांत, औषधांत, सिमेंटमध्ये, कुणाच्या तरी चालत्या धंद्यात राहतो. धंदा वाढला तर सगळ्यांचे वाढू शकते. आणि तो पैसा फंडाचा नसतो, तो लोकांची अमानत असतो. आमच्या वयाच्या शिक्षकांना ‘यूएस-६४’ आठवत असेल. जुलै २००१ मध्ये त्या योजनेतून पैसे काढणे काही महिने बंद झाले, तेव्हा निवृत्तीला आलेल्या कितीतरी माणसांची झोप उडाली होती. अमानत सांभाळणाऱ्या टेबलावर नीट शिकलेला, आकडे न लपवणारा माणूस बसणे किती गरजेचे आहे, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही.

राहिला सूदचा प्रश्न. आम्ही आलिम नाही, म्हणून इथे निवाडा देणार नाही. पण माहिती सांगतो. शरियतच्या निकषांवर कंपन्या निवडणे हेच आज जगभर एक संख्याशास्त्रीय काम झाले आहे. डाऊ जोन्सचा इस्लामी निर्देशांक १९९९ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे २००८ मध्ये निफ्टीचे शरिया निर्देशांक आले. टाटा एथिकल फंडासारख्या योजनाही आहेत. आधी धंदा पाहतात: व्याजावर चालणाऱ्या बँका, दारू, जुगार वगळतात. मग ताळेबंद पाहतात. बहरीनची ‘आओफी’ ही मानके ठरवणारी संस्था व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत आणि नाजायज उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत असावे असे सांगते. इतर संस्थांच्या मर्यादा थोड्या वेगळ्या आहेत. त्या नाजायज हिश्श्याइतकी रक्कम नफ्यातून वेगळी काढून दान करायची, हाही हिशेबच. हे सगळे दर तिमाहीला शेकडो कंपन्यांसाठी कोण मोजणार? ज्याला अर्थशास्त्रही कळते आणि हा फरक का करायचा हेही कळते, अशा मुला-मुलींसाठी ही जागा आहे. आमच्या मुलीचे काम फक्त शेअरच्या विभागात आहे. पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर कर्जरोख्यांच्या योजना आहेत. यावर उलेमांत मतभेद आहेत आणि आमच्या घरातही शंका पूर्ण मिटलेली नाही. ती मिटली आहे असे दाखवण्यापेक्षा, मुलगी दर वर्षी तो कागद नव्याने लिहिते, हे आम्हाला जास्त समाधानाचे वाटते.

या क्षेत्राचे धोकेही पालकांना माहीत असावेत. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे १९९७चे दोन नोबेल विजेते होते. १९९८ मध्ये रशियाने कर्ज बुडवले आणि त्यांची समीकरणे काही आठवड्यांत कोलमडली, कारण त्यांनी प्रचंड उधारीवर व्यवहार केले होते. ऑगस्ट २००७ मध्ये अनेक क्वांट फंडांना एकाच आठवड्यात मोठा तोटा झाला. सगळ्यांचे नियम जवळजवळ सारखे होते आणि सगळे एकाच दारातून बाहेर पडू पाहत होते. वाईट वर्षात अशा कंपन्या माणसेही कमी करतात. सरकारी नोकरीची शाश्वती इथे नाही.

मग आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना इथवरचा रस्ता कुठून आहे? आमच्या पाहण्यात हा रस्ता मुलाखतीत फारसा अडत नाही. तो अकरावीत अडतो. कॉमर्सला गणिताऐवजी एस.पी. घेतले, आर्ट्सला गणित सोडले, की पुढची बरीच दारे त्याच दिवशी बंद होतात. मुलींच्या बाबतीत तर हे फार सहज होते: “तिला कुठं एवढं गणित लागणार आहे?” आम्ही शिक्षक असल्याने एवढेच केले की गणित सुटू दिले नाही. मुलीने जळगावला नानीकडे राहून संख्याशास्त्रात बी.एस्सी. केली आणि मग पुण्यात अर्थशास्त्रात एम.एस्सी. कोलकाता आणि दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्यात्मक अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि तिथे विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे. अशा ठिकाणी जायचे तर बारावीपर्यंतचे गणित हवेच. अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, पायथन किंवा आरसारखी संगणकाची भाषा आणि आपले म्हणणे दोन पानांत नीट लिहिता येणे, एवढी शिदोरी लागते. मराठी माध्यमाने अडत नाही. पहिले वर्ष इंग्रजीने दमवले, हे मुलगी मोकळेपणाने सांगते, पण समीकरणाला माध्यम नसते.

आणि समजा फंडाच्या नोकरीवर मन राजी झाले नाही, तरी हे शिक्षण वाया जात नाही. रिझर्व्ह बँकेचा आर्थिक संशोधन विभाग, यूपीएससीतून मिळणारी भारतीय आर्थिक सेवा, पतमानांकन संस्था, विमा, शेतमालाच्या भावाचा अभ्यास, महाविद्यालयात शिकवणे, सगळीकडे हीच शिदोरी चालते. केळी आणि कापसाच्या भावावर आपल्याच जिल्ह्यात नीट अभ्यास करणारी माणसे किती थोडी आहेत, हे बाजार समितीत एक सकाळ उभे राहिले तरी दिसते.

नात्यातले लोक आता आम्हाला विचारतात, “मग, पाठवायचं का पोरीला?” आम्ही हो किंवा नाही म्हणत नाही. तीन प्रश्न सांगतो. दिवसभर नेमके काम काय? नफा कुठून येतो? आणि समोर कोण आहे? मुला-मुलींना याची उत्तरे स्वतःच्या हाताने लिहू द्या आणि तो कागद एखाद्या जाणकार आलिमाला आणि त्या धंद्यातल्या माणसाला, दोघांनाही दाखवा. एका शब्दात ‘सट्टा’ म्हणून दार लावून घेणे सोपे आहे, आणि पगाराचा आकडा पाहून दार सताड उघडणे त्याहून सोपे. या जूनमध्ये ज्यांच्या घरी अकरावीचा फॉर्म भरायचा असेल, त्यांनी विषयांच्या रकान्यात गणित खोडण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलीजवळ बसावे आणि तिला पुढे काय करायचे आहे ते विचारावे. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना नफा देणारे इल्म आणि हलाल रिज्क नसीब करो.